कॅमेरा घेण्याआधी फसलेले फोटो उघडा

"इतके इतके पैसे आहेत, कुठला कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, की आता मी उत्तर देण्याआधी त्यांचा फोन मागते. फोनमधले चांगले फोटो मला नको असतात. हललेले, काळवंडलेले, पक्ष्याच्या जागी नुसता ठिपका आलेले फोटो बघायचे असतात. बहुतेकांनी ते पुसून टाकलेले असतात आणि इथंच घोडं पेंड खातं. आपल्याला काय जमत नाहीये हे त्या फोटोंइतकं स्पष्ट कुणीच सांगत नाही, ना दुकानदार, ना यूट्यूबवरचा परीक्षक. खिसा मोठा असेल तर चुकलेली खरेदी पचून जाते. हौशी माणसाला मात्र पुढचा कॅमेरा घ्यायला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे मॉडेलांची नावं येतील, पण बरीच पुढे.

पायरी १: फसलेल्या फोटोंचे ढीग लावा

महिनाभर एकही फोटो पुसू नका. मग न आवडलेले तीस-चाळीस फोटो बाजूला काढा आणि प्रत्येक फोटो का फसला ते ठरवा. साधारण पाच ढीग होतात.

पहिला ढीग संध्याकाळचे आणि घरातले फोटो, कमी उजेडामुळे अस्पष्ट आलेले. फोटोची माहिती उघडून शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ शिरला ते, बघा. तो १/१५ सेकंदाच्या आसपास असेल आणि भिंतीवरच्या घड्याळासकट सगळंच पुसट असेल, तर हात हललाय. घड्याळ स्वच्छ आणि मूल पुसट असेल, तर मूल हललंय. हा फरक नीट समजून घ्या, कारण त्यावर पुढे बरेच पैसे अवलंबून आहेत. हात हलण्यावर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, हा इलाज आहे, नाहीतर कॅमेरा टेबलावर टेकवा, तेही चालतं. मूल हलण्यावर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. तिथं जास्त उजेडच हवा: मोठं छिद्र असलेली लेन्स, मोठा सेन्सर (तो काय ते पायरी ३ मध्ये) किंवा फ्लॅश.

दुसऱ्या ढिगात लांबच्या गोष्टी येतात: पक्षी, मैदानावरचा खेळाडू, रंगमंचावरचा चेहरा. तिसऱ्यात चेहरा चांगला येतो, पण मागची तार, खांब, कपाट सगळं तितकंच ठळक दिसतं. चौथा ढीग हुकलेल्या क्षणांचा: बटण दाबलं तेव्हा हसू होतं, फोटोत नाही. पाचव्यात फोटो स्पष्ट असतो, उजेड ठीक असतो, पण बघावासा वाटत नाही. या पाचव्या ढिगावर कुठलाच कॅमेरा इलाज करत नाही. माझा सगळ्यात मोठा ढीग हाच निघाला होता, त्यामुळे हे जरा अधिकारानं सांगते.

आता एकच ढीग निवडा, ज्याचं तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं तो. कमी पैशात एक अडचण चांगली सुटते. पाचही सोडवायला गेलात की दुधाची तहान ताकावर भागवावी लागते. आणि तुमचे बहुतेक फोटो दिवसाउजेडी काढलेले, मोठ्या दृश्यांचे आणि फोनवरच बघायचे असतील, तर कॅमेरा घेऊच नका. फोन एकामागोमाग अनेक फोटो काढून ते एकत्र विणतो. त्या कामात तो स्वस्त कॅमेऱ्याला सहज हरवतो.

मी स्वतः हे काहीही न करता पहिला कॅमेरा घेतला होता. खोक्यावर झूमचा आकडा मोठा होता, मी भुलले. भर दुपारी त्यातून चंद्रावरची विवरं टिपावीत तशी लांबच्या झाडाची साल टिपता यायची. सूर्य कलला की पक्ष्यांची पिसं ओल्या रंगावर हात फिरल्यासारखी सारवली जायची. दुसऱ्या ढिगाचं औषध आणलं होतं आणि माझं दुखणं पहिल्या ढिगातलं होतं.

पायरी २: पैशाची वाटणी आधीच करा

माझा ठोकताळा असा: शंभरातले निम्मे बॉडीला (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), चाळीस लेन्सला, उरलेले दहा मेमरी कार्डाला आणि जादा बॅटरीला. हा काही नियम नाही. पक्षी टिपायचे असतील तर लेन्सचा वाटा साठवरही जाईल. पण बॉडीच जर ऐंशी खात असेल, तर ती बॉडी तुमच्यासाठी नाही. एक पिढी मागची घ्या. बॉडी दर दोन-तीन वर्षांनी जुनी ठरते, चांगली लेन्स दहा वर्षांनीही तेच चित्र देते आणि विकताना तिची किंमतही बॉडीइतकी घसरत नाही.

पायरी ३: सेन्सरचा आकार बघा, मेगापिक्सेल नंतर

सेन्सर म्हणजे उजेड पकडणारा पत्रा. पावसात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाणी जमतं, इतकं साधं गणित आहे. फुल फ्रेम सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिमी असतो. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा किंचित लहान, २२.३ × १४.९. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. 'एक इंच' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे त्याची कुठलीही बाजू इंचभर नाही. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलंय आणि अजून लोकांना फसवतंय. खिशात मावणाऱ्या स्वस्त आणि प्रचंड झूमवाल्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, जेमतेम ६.२ × ४.६ मिमी.

क्षेत्रफळ काढलंत तर एपीएस-सी या शेवटच्या सेन्सरच्या सुमारे तेरापट भरतो. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सरही आता १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो. म्हणजे फोन सोडून असा छोटा कॅमेरा घेण्याला एकच कारण उरतं: भरपूर उजेडातला लांबचा झूम. ते तुमचं कारण असेल तर खुशाल घ्या. नसेल तर पैसे वाया.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. ए४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. फोरके पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात. १६ मेगापिक्सेलचा दहा वर्षं जुना कॅमेराही या दोन्ही कामांना पुरून उरतो. १६ वरून २४ वर गेलात तर आकडा दीडपट होतो, पण चित्राच्या प्रत्येक बाजूचा तपशील फक्त २२ टक्क्यांनी वाढतो. पक्ष्याचा फोटो कापून मोठा करायचा असेल तर तो थोडाफार कामी येतो. एरवी या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मर्यादित बजेटमध्ये माझी शिफारस एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सची. जुनी फुल फ्रेम बॉडी आता मोहात पाडेल इतकी स्वस्त मिळते, पण तिच्या लेन्स जड आणि महाग असतात. हत्ती फुकट मिळाला तरी त्याला पोसावं लागतं.

पायरी ४: लेन्स, आणि इथे वेळ घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि इथेच बुडतात.

लेन्सवर दोन आकडे असतात. मिमीमधला आकडा किती लांबचं दिसेल ते सांगतो. एफ/च्या पुढचा आकडा छिद्र जास्तीत जास्त किती उघडेल ते सांगतो आणि तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स बहुधा एफ/३.५-५.६ असते: १८ला ३.५ पर्यंत उघडते, ५५ला फक्त ५.६ पर्यंत. स्वस्त प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली एकाच मापाची लेन्स, एफ/१.८ पर्यंत उघडते. आकड्यांत फरक क्षुल्लक वाटतो. पण उजेड या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ सुमारे दहापट उजेड आत घेते.

घरातलं उदाहरण घ्या. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात किट लेन्स ५५ मिमीला, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की खरखरही वाढते) ३२००, शटर १/६० सेकंद: खेळणारं मूल पुसट येणार. त्याच बॉडीवर एफ/१.८ची लेन्स चढवली की तोच आयएसओ ठेवून १/५०० सेकंद मिळतो, मूल जागच्या जागी थिजतं. किंवा मूल झोपलेलं असेल तर १/६० ठेवून आयएसओ ३२० पर्यंत खाली आणता येतो आणि फोटोतली खरखर जवळजवळ नाहीशी होते. हा फरक कुठल्याही नव्या बॉडीनं पडत नाही. पहिला आणि तिसरा ढीग ज्यांचा मोठा आहे, त्यांनी इथंच पैसे घालावेत.

पण किती मिमीची प्राइम? सगळीकडे '५० मिमी घ्या' असा सल्ला मिळतो. तो फिल्मच्या जमान्यातला आहे. एपीएस-सी बॉडीवर ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीसारखं दिसते. चेहऱ्यांसाठी सुरेख, पण खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी चार माणसं चौकटीत मावत नाहीत. घरातल्या फोटोंसाठी एपीएस-सीवर ३५ मिमी जास्त उपयोगी, ती जुन्या पन्नासच्या जवळ जाते. मायक्रो फोर थर्ड्सवर माप दुप्पट धरायचं, तिथं २५ मिमी तेच काम करते. विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा: किट लेन्स ३५ वर ठेवून दिवसभर झूमला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठल्या दिवशी जास्त मागे-मागे सरकावं लागलं ते पाय सांगतील.

किट लेन्सला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. एफ/८ वर, उजेडात, ती दृश्यं छान टिपते. सोबत आली तर ठेवा. नंतर एक प्राइम जोडा. हौशी माणसाची निम्मी गरज या जोडीत भागते.

दुसऱ्या ढिगासाठी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची झूम. एपीएस-सीवर ३०० मिमी म्हणजे ४५०-४८० मिमीसारखा आवाका मिळतो. मोठ्या पक्ष्यांना आणि मैदानी खेळाला तो दिवसाउजेडी पुरतो. झुडपातल्या चिमणीएवढ्या पक्ष्याला तरीही जवळ जावं लागेल. उडता पक्षी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद मागतो, त्यामुळे इथं लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन चौकट स्थिर ठेवायला मदत करतं, पंख थांबवायला नाही. १८-३०० सारखी सबकुछ एकात असलेली लेन्स मात्र टाळा: वजन आहे, किंमत आहे, छिद्र लहान आहे.

फुलं-किडे जवळून टिपायचे असतील तर मॅक्रो लेन्सआधी एक्स्टेन्शन ट्यूब घेऊन बघा. ती आतून पोकळ कडी असते, काच नसते, त्यामुळे स्वस्त असते. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवली की लेन्स जास्त जवळून फोकस करते. फक्त त्यात विजेचे संपर्कबिंदू आहेत का ते बघा, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्रच बॉडीवरून बदलता येणार नाही.

पायरी ५: माउंट म्हणजे सासर

लेन्स ज्या कडीत बसते ते माउंट. एकदा दोन-तीन लेन्स घेतल्या की त्या घरात नांदावंच लागतं, म्हणून बॉडीपेक्षा घर आधी पारखा.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, दोन मोठी घरं: निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. जुन्या लेन्सचा डोंगर आहे आणि तोही उतरत्या भावात, कारण २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे मिररलेसचे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे, नवे माउंट आणले आणि २०२० नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. काहींना ही मृत्यूची बातमी वाटते. तंग खिशाच्या माणसाला ही सुगी आहे. कॅमेरा कंपनीने पुढचा काढला नाही म्हणून हातातला बिघडत नाही.

मिररलेसमध्ये सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे आणि सिग्मा, टॅमरॉनपासून कितीतरी कंपन्या त्यासाठी लेन्स बनवतात, त्यामुळे जुना-स्वस्त माल भरपूर. मायक्रो फोर थर्ड्स २००८ पासून आहे. ऑलिंपसने आपला कॅमेरा धंदा विकला, २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे आहे, पण लेन्स पॅनासॉनिकच्याही बसतात आणि त्या लहान असतात. फुजीफिल्मचा एक्स माउंट २०१२चा. सुंदर कॅमेरे, पण जुन्या बाजारातही भाव चढे असतात. कॅननच्या आरएफ माउंटवर एपीएस-सीसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ मध्ये यायला लागल्या. त्याआधी हे घर महाग होतं, आता हळूहळू परवडायला लागलंय.

काही घरं बंद पडली आहेत: निकॉन १, सॅमसंग एनएक्स, कॅनन ईएफ-एम. त्यांच्या बॉडी फार स्वस्त दिसतात. एक बॉडी आणि दोन लेन्स एकत्र मिळत असतील आणि पुढे काही वाढवायचं नसेल तरच घ्या.

डीएसएलआर की मिररलेस, हा वाद मी इथे फार लांबवत नाही. डीएसएलआरची बॅटरी दणकट असते: प्रमाणित चाचणीत निकॉन डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो काढतो, सोनी ए६००० तीनशेसाठच्या आसपास. मिररलेसमध्ये फोटो काढण्याआधीच तो उजळ येणार की काळा ते दिसतं, आणि शिकणाऱ्याला याचा फार फायदा होतो. बॉडी लहान असते, त्यामुळे ती घराबाहेर पडते. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर मिररलेसच. नाहीतर जे चांगल्या स्थितीत मिळेल ते.

पायरी ६: बॉडीत काय बघायचं

नव्या पण सगळ्यात खालच्या मॉडेलपेक्षा जुनं पण एक पायरी वरचं मॉडेल घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. निकॉनचा डी७२०० हा २०१५चा आणि डी३५०० हा २०१८चा. दोघांचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, फोटोत फरक ओळखून दाखवा. पण डी७२०० ला दोन चाकं आहेत, म्हणजे छिद्र एका बोटाने आणि शटर दुसऱ्याने बदलता येतं. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, पूर्ण चौकट दिसते; डी३५०० मध्ये ९५ टक्के. डी७२०० चा तोटा वजनाचा.

खालच्या मॉडेलांत कंपन्या कुठे हात आखडतात ते माहीत असू द्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते. 'एएफ-डी' प्रकारची जुनी स्वस्त लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. तिथं 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असं लिहिलेलीच लेन्स घ्या. आणि 'एएफ-पी' घेताना आपली बॉडीही तपासा, काही जुन्या निकॉन बॉडींवर ती फोकस करत नाही. कॅननच्या ४०००डी मध्ये लेन्स बसवायची कडी प्लास्टिकची आहे, आणि ४०००डी, २५०डी यांच्या फ्लॅशच्या खोबणीतला मधला संपर्कबिंदू काढून टाकलाय, त्यामुळे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. माहितीपत्रकात असल्या गोष्टी ठळक अक्षरांत कुणी छापत नाही.

चौथ्या ढिगावाल्यांनी ऑटोफोकसवर लक्ष द्यावं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये २०१३ च्या ७०डी पासून ड्युअल पिक्सेल फोकस आला, त्यामुळे ७०डी, ८०डी, २००डी हे पडद्यावर बघूनही भराभर फोकस करतात. त्याआधीचे बरेच डीएसएलआर तिथं चाचपडतात. सोनी ए६००० (२०१४) सेकंदाला ११ फोटो काढतो, पण त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. ऑलिंपस ई-एम१० मार्क २ (२०१५) मध्ये ते आहे, म्हणजे कुठलीही लेन्स लावली तरी हाताची थरथर सावरली जाते. सेन्सर मात्र १६ मेगापिक्सेलचा आणि आकाराने लहान. तुमचा ढीग कुठला, यावर उत्तर ठरेल.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, काढता येते ना, एवढं बघाच. रॉमध्ये सावलीतला तपशील आणि पांढऱ्या रंगाचा तोल नंतर सुधारता येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. फोरके, वायफाय, दृश्यांचे वीस तयार मोड यांचा उल्लेख खोक्यावर कितीही मोठा असला तरी पुढे चला.

यादी दोन-तीन मॉडेलांवर आली की कॅमेरा हातात घ्या. करंगळी बॉडीखाली लोंबकळते का? चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का? डोळा न काढता आयएसओ बदलता येतो का? हाताला न पटलेला कॅमेरा कपाटात राहतो, मग त्याचा सेन्सर कितीही मोठा असो.

पायरी ७: सेकंडहँड घेताना

खरी बचत इथे आहे आणि धोकाही. मी एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात लेन्स 'बघून' घेतली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तेव्हापासून माझ्या पिशवीत टॉर्च, मोकळं कार्ड आणि वर्तमानपत्राचं पान असतं. भेट दिवसाउजेडी ठरवा, अर्धा तास मागून घ्या, आणि या क्रमाने तपासा.

लेन्स: दोन्ही टोपणं काढा, मागून टॉर्चचा झोत तिरका टाका. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात. धाग्यांची जाळी म्हणजे बुरशी. दुधाळ पडदा म्हणजे धुकट काच. दोन्ही सोडून द्या, कितीही स्वस्त असो. फोकस आणि झूमची कडी फिरवून कुठे अडखळते का बघा. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे.

मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट लावून, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून सरळ समोरून फोटो काढा आणि पडद्यावर चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे कोपरे थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल आणि दुसऱ्यांदाही तोच असेल, तर लेन्स आपटलेली असण्याचा दाट संशय.

बॉडी: पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ वर, मुद्दाम फोकस चुकवून काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो, तिथून निघा. मग लेन्सवर टोपण लावून एक सेकंदाचा फोटो काढा. काळ्यात रंगीत ठिपके भरपूर चमकत असतील तर विचार करा. प्रत्येक बटण, प्रत्येक चाक, कार्डची खाच, बॅटरीचं झाकण, फ्लॅश. चाक एक खटका फिरवलं की आकडा एकाच घराने बदलला पाहिजे, जुन्या चाकांना उड्या मारायची सवय लागते. शटर १/४००० वर चालवून फोटोत एका कडेला काळा पट्टा येत नाही ना ते बघा. स्टॅबिलायझेशनवाली मिररलेस बॉडी बंद असताना हलवली तर आतून खडखड येऊ शकते, त्याने घाबरू नका.

शटर किती वेळा चाललंय ते विचारा. निकॉनच्या मूळ फोटोत हा आकडा लपलेला असतो, मोफत साधनांनी वाचता येतो. कॅननच्या फोटोत तो सहसा नसतो. प्राथमिक बॉडींचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी, डी७२०० सारख्यांचं दीड लाखासाठी तपासलेलं असतं. पण हा आकडा म्हणजे आयुष्याची दोरी नव्हे. पन्नास हजार क्लिकची जपून वापरलेली बॉडी मी पाच हजारांच्या पण ओलसर कपाटात कुजलेल्या बॉडीपेक्षा आधी घेईन.

मेनूची भाषाही बदलून बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलत नाही. शेवटी खरेदीची पावती किंवा मूळ खोकं मागा आणि त्यावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून घ्या. विकणारा घाई करायला लागला की तुम्ही निवांत व्हा.

पायरी ८: किरकोळ सामान

कार्ड विश्वासाच्या ठिकाणाहून घ्या, कारण बनावट कार्डांवर छापलेली क्षमता खोटी असते. घेतल्यावर पूर्ण भरून परत वाचून बघा. 'व्ही३०' खूण असलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, हौशी कामाला तेवढं पुरे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबीची धरली तर ६४ जीबीत दोनेक हजार मावतात. एका मोठ्या कार्डाऐवजी अशी दोन घ्या. मिररलेस असेल तर जादा बॅटरी पहिल्याच दिवशी. तकलादू ट्रायपॉड घेण्यापेक्षा उशी आणि खिडकीची चौकट बरी. फिल्टर, पट्टे, देखणी बॅग हे सगळं सहा महिन्यांनी.

पायरी ९: पहिला आठवडा

परत करायची मुदत विचारून ठेवा आणि त्या मुदतीत एक काम नक्की करा. पहिल्या पायरीतल्या ढिगातला, सगळ्यात जास्त हळहळ वाटणारा फोटो शोधा. तीच खोली, तोच दिवा, शक्य असेल तर तेच मूल, आणि फोटो काढला होता ती वेळ. कॅमेऱ्याचा मोड 'ए' किंवा 'एव्ही' वर ठेवा (यात छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ऑटोवर, आणि मेनूत किमान शटर १/२५० ठरवून द्या. ही सोय नसेल तर 'एस' किंवा 'टीव्ही' मोडवर (यात शटर तुम्ही ठरवता) स्वतःच १/२५० लावा. वीस-पंचवीस फोटो काढा. मग जुना आणि नवा फोटो एकाच पडद्यावर शेजारी ठेवा आणि कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला विचारा, यातला कुठला घरात लावशील? त्याने क्षणभरही विचार न करता नव्यावर बोट ठेवलं, तर खोकं माळ्यावर टाका. तो दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला, तर खोकं अजून फाडू नका.